एका ताऱ्याचे दोन वाचक

डिसेंबर १९४४ च्या अखेरीचं एक छायाचित्र आहे. बेल्जममधल्या बास्तोन गावाच्या परिसरात एका अमेरिकन शर्मन रणगाड्यापाशी त्यावरचे सैनिक उभे आहेत. अंगात थंडीचे जाडजूड कपडे, आणि फोटोसाठी उभं राहिलं की माणसात आपोआप येतो तो थोडासा ताठा. रणगाड्याचं नाव ‘कोब्रा किंग’. त्याच्या बाजूच्या पोलादावर ‘फर्स्ट इन बास्तोन’ अशी पांढरी अक्षरं हातानं लिहिलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धावरच्या पुस्तकांत हा फोटो पुन्हा पुन्हा भेटतो आणि त्याखाली बहुतेक वेळा एकच मजकूर असतो : जर्मनांनी वेढलेल्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनपर्यंत २६ डिसेंबरच्या संध्याकाळी पोचलेला हा पहिला रणगाडा. जनरल पॅटन यांच्या तिसऱ्या सैन्यातल्या चौथ्या आर्मर्ड डिव्हिजनचा, ३७ व्या टँक बटालियनचा. आत लेफ्टनंट चार्ल्स बॉगेस.

मजकूर खरा आहे, पण त्यात रणगाडा फक्त वाहन म्हणून येतो. मला त्या फोटोतली माणसं थोडा वेळ बाजूला ठेवून रणगाड्याचं अंगच वाचावंसं वाटतं. त्यावर तारा आहे, आकडे आहेत, नाव आहे, एक बढाई आहे, वेल्डिंगचे सांधे आहेत, चिखल आहे. हे सगळं एका हातानं लिहिलेलं नाही. काही नियमावलीनं लिहिलंय, काही कारखान्यानं, काही आत बसणाऱ्यांनी. आणि यातली जवळजवळ प्रत्येक खूण एकाच वेळी दोघं जण वाचणार आहेत, आपला आणि शत्रू. आपल्याला दिसावं आणि त्याला दिसू नये अशी पाटी अजून कुणाला रंगवता आलेली नाही. रणगाड्याच्या अंगावरचा सगळा मजकूर या एका अडचणीतून जन्मलेला आहे.

ताऱ्यापासून सुरुवात करू. पांढरा पंचकोनी तारा ही अमेरिकी सैन्याच्या वाहनांची राष्ट्रीय खूण, नियमावलीनं ठरवून दिलेली. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकी फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या तेव्हा काही रणगाड्यांवर याच्या जोडीला चक्क अमेरिकेचा झेंडा होता. किनाऱ्यावर विशी सरकारचं फ्रेंच सैन्य होतं, आणि ते इंग्रजांवर झाडतील तशा गोळ्या अमेरिकनांवर झाडणार नाहीत अशी आशा होती. म्हणजे तो झेंडा समोरच्यानं वाचावा म्हणूनच लावला होता. पुढे ट्युनिशियात समोर जर्मन आले आणि वाचक बदलला. मळकट हिरव्या पोलादाच्या मधोमध पांढराशुभ्र तारा म्हणजे जर्मन नेमबाजाला दुर्बिणीत आयतं मिळालेलं लक्ष्य. मग क्रूंनी ताऱ्यांवर चिखल फासायला सुरुवात केली.

हा धडा जर्मनांनी तीन वर्षं आधीच घेतला होता. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर चालून जाताना त्यांच्या रणगाड्यांवर भरीव पांढरे क्रूस होते. पोलिश तोफखान्यानं त्यावर नेम धरायला वेळ लावला नाही. जर्मन सैनिकांनीही तेच केलं : चिखल, नाहीतर दुसऱ्या रंगाचा हात. पुढे त्यांचा क्रूस नुसत्या बाह्यरेषेचा, दुरून विरून जाणारा झाला. अमेरिकन तारा मात्र विरळ होण्याऐवजी वाढला. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर उतरण्याआधी ताऱ्याभोवती पांढरं वर्तुळ आलं, कारण लांबून, धुळीतून, तारा आणि क्रूस सारखेच दिसत होते. आपल्याच विमानानं मारू नये म्हणून खूण ठळक करायची. शत्रूच्या तोफेनं मारू नये म्हणून ती पुसायची. नियमावलीला पहिल्या वाचकाची काळजी, क्रूला दुसऱ्याची.

१९४४ च्या उन्हाळ्यातले शर्मनचे फोटो पाहताना ही भीती कुठून कुठे सरकली ते नकाशासारखं दिसतं. टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, बाजूचे तारे बऱ्याच ठिकाणी रंगानं झाकलेले, कारण बाजूनं येणारा गोळा जर्मनांचा. माथ्यावर मात्र तारा शाबूत, आणि इंजिनाच्या झाकणावर भडक गुलाबी किंवा पिवळं चमकतं कापड पसरून बांधलेलं. वर आकाशात जर्मन विमानं आता क्वचितच दिसत होती. जे होतं ते आपलंच, आणि त्याचाच धाक होता. २५ जुलैला नॉर्मंडीत ‘ऑपरेशन कोब्रा’च्या सुरुवातीला अमेरिकी बॉम्ब अमेरिकी सैनिकांवरच पडून शंभराहून अधिक जण मेले, त्यांत एक लेफ्टनंट जनरल होते. त्यानंतर ते गुलाबी कापड कुणाला शोभेचं वाटलं नसणार. शर्मनची बाजू कुजबुजते आणि माथा ओरडतो. एका अंगात दोन आवाज.

आता ज्या आठवड्यात कोब्रा किंग बास्तोनकडे निघाला त्याच आठवड्यात, तिथून उत्तरेला, हाच तारा आणखी एका अंगावर होता. २१ डिसेंबरच्या पहाटे माल्मेडी गावाजवळ ऑटो स्कोर्झेनी याच्या १५० व्या पँझर ब्रिगेडनं हल्ला केला. त्यात पाच पँथर रणगाडे अमेरिकन सोंग घेऊन आले होते. पँथर हा जर्मनांचा उत्तम रणगाडा. त्याच्या नाकावर, टरेटच्या बाजूंना आणि मागे पातळ पत्रे बसवून त्याला अमेरिकन एम-१० टँक डिस्ट्रॉयरचा आकार दिला होता. कमांडरचा उंच घुमटासारखा भाग काढून तिथे सपाट झाकणं आली होती. रंग अमेरिकन हिरवा. तारा वर्तुळासकट. पुढच्या बाजूला पाचव्या आर्मर्ड डिव्हिजनच्या, दहाव्या टँक बटालियनच्या खुणा, त्रिकोणांसकट, आणि गाडी क्रमांक बी-४, बी-५, बी-७, बी-१०.

हल्ला फसला. रणगाडे तिथेच अडकले, आणि अमेरिकनांनी नंतर त्यांचे पद्धतशीर फोटो काढले. ते फोटो पाहिले की पत्रेकाम करणाऱ्या अनाम कारागिरांचं कौतुक वाटतं. उतार, कोन, मागच्या बाजूचा फुगवटा, बरंच जमलंय. पण चाकांपाशी सगळं उघडं पडतं. पँथरची मोठी, एकावर एक सरकलेली चाकं झाकायला पत्रा पुरत नाही. एम-१० ची चाकं लहान, जोडीजोडीनं बसवलेली. सोंग कमरेपर्यंत उत्तम वठलंय आणि पाय स्वतःचेच आहेत.

मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. हे पँथर जर्मनांनाही अमेरिकन दिसणार होते, तेव्हा आपल्याच लोकांनी उडवू नये म्हणून त्यांना गुपचूप खुणा ठरवून द्याव्या लागल्या : मागच्या बाजूला लहानसा पिवळा त्रिकोण, तोफ डावीकडे वळवून धरणं. तारा खोटा असला तरी त्या दोन वाचकांपासून सुटका नाहीच. फक्त जागा बदलल्या. ठळक खूण शत्रूनं विश्वासानं वाचावी म्हणून, आणि बारीक खूण आपल्यांनी वाचावी म्हणून.

या बातम्या आणि अफवा आघाडीवर सगळीकडे पसरल्या होत्या. स्कोर्झेनीची माणसं अमेरिकन गणवेशात, अमेरिकन जीपमधून हिंडतात हे प्रत्येक चौकीला ठाऊक होतं. त्या पार्श्वभूमीवर २६ डिसेंबरच्या संध्याकाळी आसनवा गावापलीकडे काय झालं ते पाहावं. तोफखान्यानं गाव भाजून काढलं, कोब्रा किंग धुरातून भरधाव पुढे निघाला, वाटेतल्या खंदकांवर आणि झाडीवर मशीनगन चालवत, एक जर्मन पिलबॉक्स उडवून. समोर खड्ड्यांतून काही सैनिक दिसले, अमेरिकन गणवेशातले. बॉगेस यांनी ओरडून सांगितलं की आम्ही चौथी आर्मर्ड. कुणी हललं नाही. ताऱ्यावर कुणाचाच विश्वास नव्हता, आणि तो नसणं हेच त्या आठवड्यातलं शहाणपण होतं. पुन्हा हाका झाल्यावर एक लेफ्टनंट खड्ड्यातून बाहेर आला, ३२६ व्या एअरबोर्न इंजिनिअर बटालियनचा, आणि त्यानं वर हात करून बॉगेस यांच्याशी हस्तांदोलन केलं. वेढा फुटला तो त्या क्षणी. रणगाड्यावरच्या एवढ्या खुणांपैकी एकही कामी आली नाही. आवाज आणि हात आले.

आकड्यांबद्दल थोडक्यात. शर्मनच्या पुढच्या आणि मागच्या भागावर सैन्य, डिव्हिजन, बटालियन, कंपनी, गाडी असा क्रम रंगवलेला असे. आर्मर्ड तुकड्यांना त्रिकोणाचं चिन्ह. लष्करी पोलिसाला वाहतूक लावायला सोयीचं. जर्मन हेरालाही तितकंच सोयीचं, म्हणून गुप्त हालचालीआधी हे आकडे पुसण्याचे हुकूम निघत. एका अमेरिकी तुकडीनं तर याचंच हत्यार केलं. ‘घोस्ट आर्मी’ म्हणून आज ओळखली जाणारी ती अकराशेच माणसांची तुकडी, तीत चित्रकार आणि डिझायनर बरेच. ही माणसं हवा भरलेले रबरी रणगाडे शेतात मांडत, लाउडस्पीकरवर साखळीपट्ट्यांचा खडखडाट ऐकवत, आणि आपल्या खऱ्याखुऱ्या ट्रकांवर दुसऱ्याच डिव्हिजनचे आकडे रंगवून गावागावांतून फेऱ्या मारत. रबरी शर्मन सगळ्यांना आवडतो, फोटोत चार माणसं तो हातावर उचलताना दिसतात. पण हेराच्या वहीत जाणारी खरी थाप त्या पुढच्या आकड्यांची होती. लिहिलेल्यावर माणूस लवकर विश्वास ठेवतो.

नाव ही मात्र क्रूची मालमत्ता. तिथेही एक सांकेतिक चाकोरी होती : कंपनीचं जे अक्षर, त्याच अक्षरानं नाव सुरू. ‘सी’ कंपनी म्हणून कोब्रा किंग. चाकोरी एका अक्षराची, पुढचं मोकळं रान. त्याच बटालियनचे कमांडर क्रेटन एब्रम्स यांच्या रणगाड्यांचं नाव ‘थंडरबोल्ट’. एक गेला की पुढच्यावर तेच नाव, पुढच्या आकड्यासह, राजघराण्यासारखं. पुढे त्यांचंच नाव एका रणगाड्याला मिळालं, आणि त्यांच्या वरिष्ठांचं म्हणजे पॅटन यांचंही. यातलं दुसरं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते सप्टेंबर १९६५ मध्ये, असल उत्तरच्या ऊसशेतांत पाकिस्तानचे पॅटन रुतले तेव्हा.

नावांचा विषय निघाला की मला दोन रणगाडे नेहमी आठवतात. एक रशियन टी-३४. मारिया ओक्त्याब्रस्काया हिचा नवरा १९४१ मध्ये आघाडीवर मारला गेला. तिनं घरातलं होतं नव्हतं ते विकून पन्नास हजार रूबल रणगाड्यासाठी दिले आणि स्टालिनला पत्र लिहून दोन गोष्टी मागितल्या : रणगाड्याचं नाव ‘बोयेवाया पोद्रुगा’ म्हणजे ‘रणसखी’ असावं, आणि तो चालवायला आपण असावं. दोन्ही मिळालं. ऑक्टोबर १९४३ मध्ये ती पहिल्यांदा लढाईत उतरली. साखळीपट्टा तुटला की गोळीबारात खाली उतरून तो जोडायचा, हा तिचा खाक्या. जानेवारी १९४४ मध्ये तशाच एका दुरुस्तीत ती जखमी झाली आणि मार्चमध्ये गेली. सोव्हिएत टरेटवरच्या बहुतेक घोषणा सरकारी ठशाच्या असतात, ‘मातृभूमीसाठी’ वगैरे. त्या गर्दीत हे दोन शब्द खाजगी पत्रातून निसटून आल्यासारखे दिसतात. शत्रूनं ते वाचले काय, न वाचले काय. दोन वाचकांच्या माझ्या नियमाला अपवाद शोधायचा तर तो हाच : इथे वाचक एकच आहे आणि तो मेलेला आहे.

दुसरा रणगाडा आपल्या जवळचा. १८१७ मध्ये पुण्यात उभी राहिलेली, म्हणून अजूनही पूना हॉर्स म्हणवणारी रेजिमेंट. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे तिचा एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल ज्या सेंच्युरियनमध्ये होता त्याचं नाव ‘फामागुस्ता’. सायप्रस बेटावरच्या एका बंदराचं नाव पंजाबच्या मातीत, मराठी शहराच्या नावाच्या रेजिमेंटमध्ये. रणगाडा पेटल्यावर बाहेर पडण्याचा हुकूम आला. तोफ चालतेय तोवर बाहेर येणार नाही असं उत्तर देऊन खेतरपाल लढत राहिला आणि तिथेच पडला. त्याला परमवीरचक्र मिळालं. तो रणगाडा पुढे दुरुस्त करून अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअरच्या प्रशिक्षण केंद्रात जपून ठेवला गेला. त्याच गावातल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जिंकलेले पॅटनही आहेत. पॅटन लोकांना नावानं माहीत असतो, फामागुस्ता सांगावा लागतो.

पण खरं सांगायचं तर रणगाड्याच्या अंगावर मला सगळ्यात जास्त वाचावंसं वाटतं ते लिहिलेलं नव्हे. ते लादलेलं असतं.

कोब्रा किंग साधा शर्मन नव्हता. तो एम४ए३ई२, पुढे ‘जंबो’ या टोपणनावानं ओळखला गेलेला. १९४४ च्या मे ते जुलैमध्ये मिशिगनच्या कारखान्यात असे फक्त २५४ बनले. कल्पना साधी होती : नेहमीच्या शर्मनच्या पुढच्या आणि बाजूच्या चिलखतावर आणखी ३८ मिलिमीटरचे पोलादी पत्रे वेल्ड करायचे, आणि टरेट नवं, जाड ओतायचं. पुढचं चिलखत १०२ मिलिमीटरपर्यंत गेलं, टरेटच्या भिंती १५२, आणि तोफेच्या मुळाशी असलेली ढाल १७८. वजन काही टनांनी वाढलं, तेव्हा गाडी चिखलात रुतू नये म्हणून साखळीपट्ट्यांच्या कडांना लोखंडी पंखांसारखे तुकडे जोडून पट्टे रुंद केले. म्हणजे ज्या गोष्टी आघाडीवरचे सैनिक रात्री चोरून करत होते, पत्रा मिळेल तिथून आणा, वेल्ड करा, पट्टा रुंद करा, त्याच कारखान्यानं अधिकृतपणे केल्या. जंबो हा जुगाडाला मिळालेला सरकारी शिक्का आहे.

सरकारी जुगाडाचा आणखी एक नमुना जुन्या शर्मनांवर दिसतो, आणि तो जरा विनोदी आहे. दारूगोळा जिथे ठेवलेला असे तिथे गोळा घुसला की सगळं पेटतं, म्हणून १९४३ मध्ये नेमक्या त्या जागांवर बाहेरून पत्र्याचे चौकोन वेल्ड केले. संरक्षण वाढलं, पण शर्मनच्या पोटात कुठे काय ठेवलंय हेही बाहेरून आखून मिळालं. डोळस जर्मन नेमबाजासाठी याहून चांगला नकाशा कुणी काढला असता? तारा जे नकळत करत होता ते या चौकोनांनी हिशेबानं केलं.

वाळूची पोती ही सगळ्यात लोकप्रिय भर. १९४४ च्या हिवाळ्यात जर्मन पायदळाच्या हातात पँझरफाउस्ट मुबलक आले होते. नळीच्या टोकाला बसवलेला, डोकं फुगलेला बॉम्ब, एका माणसानं तीस-साठ मीटरवरून मारायचा. त्याच्या आत दारूला शंकूच्या आकाराची पोकळी असते आणि पोकळीला धातूचं अस्तर. स्फोट झाला की ते अस्तर चिरडून अतिवेगवान धातूची बारीक धार बनते आणि पोलाद भेदत आत शिरते. साठ मीटर पल्ल्याचा पँझरफाउस्ट दोनशे मिलिमीटरच्या आसपास पोलाद भेदू शकत होता. जंबोची ढालसुद्धा त्यापुढे अपुरी. साध्या शर्मनच्या क्रूला हे आकडे माहीत नसतील, परिणाम माहीत होता. शेजारचा रणगाडा जळताना पाहिला की माणूस मिळेल ते अंगावर ओढतो. पोती, झाडांचे ओंडके, सुटे साखळीपट्टे, काँक्रीट. सातव्या सैन्यातल्या चौदाव्या आर्मर्ड डिव्हिजननं तर लोखंडी चौकटी वेल्ड करून त्यांत पोत्यांच्या थरांची रीतसर मांडणी केली, एकेका रणगाड्यावर शंभराहून जास्त पोती. त्यांचे शर्मन रणगाड्यासारखे दिसतच नाहीत. गोधडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखे दिसतात.

पॅटन यांना हे बिलकुल खपत नसे. त्यांच्या तांत्रिक अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की पोत्यांनी गाडीचे स्प्रिंग, इंजिन आणि गिअर झिजतात आणि धातूच्या त्या धारेपुढे वाळू फारशी टिकत नाही. विज्ञान त्यांच्या बाजूनं होतं. तिसऱ्या सैन्यात पोत्यांना बंदी झाली, आणि बंदी मोडणाऱ्यांनी पॅटन यांच्या शिव्या खाल्ल्या. म्हणून बास्तोनच्या फोटोंत पोत्यांची गोधडी नाही. पण बंदीनं भीती जात नाही हे पॅटन यांनाही कळलं असावं, कारण १९४५ च्या सुरुवातीला त्यांच्याच सैन्यानं दुसरा मार्ग काढला : निकामी झालेल्या रणगाड्यांच्या पुढच्या पत्र्यांचे गॅस कटरनं तुकडे कापायचे आणि ते चालू रणगाड्यांच्या नाकावर वेल्ड करायचे. मेलेले रणगाडे दोन्ही बाजूंचे. त्यामुळे काही शर्मनांच्या छातीवर जर्मन पोलाद होतं. हे पत्रे क्रूंना आवडले, आणि पोत्यांपेक्षा ते खरोखरच जास्त उपयोगी होते.

संस्कृत काव्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह आणि भयानकाचा भय. रणगाड्याची छायाचित्रं आपण सवयीनं वीररसात वाचतो. बास्तोनच्या त्या बढाईत उत्साह आहेच. पण पोती, ओंडके, कापून चिकटवलेले पत्रे, काँक्रीटचे लेप पाहताना मला वाटतं की या पोलादी अंगाचा स्थायी सूर भयाचा आहे, आणि त्यात कमीपणा नाही. उलट आतली माणसं कुठे बसतात, कशाला घाबरतात, कुठल्या बाजूनं मरण येतं असं त्यांना वाटतं, हे सगळं बाहेरून लिहिलेलं असतं. भीती इतक्या स्वच्छ अक्षरांत लिहिलेली फार ठिकाणी सापडत नाही.

भीती काल्पनिक असली तरी अक्षर तितकंच स्वच्छ येतं. जर्मन रणगाड्यांवर १९४३ च्या उत्तरार्धापासून ‘झिमरिट’ नावाचा लेप दिसतो, भिंतीच्या गिलाव्यावर कंगवा फिरवावा तशा आडव्या धारा उमटवलेला. चुंबकानं चिकटणारे सुरुंग त्यावर चिकटू नयेत म्हणून तो लेप. असे सुरुंग मुख्यतः जर्मनांकडेच होते. आपलं हत्यार दुसऱ्यालाही सुचेल या धास्तीनं त्यांनी वर्षभर हजारो रणगाडे लिंपले, आणि लेप आग पकडतो अशी शंका आल्यावर सप्टेंबर १९४४ मध्ये ते थांबवलं. चुंबकाची भीती खरी ठरली ती जगाच्या दुसऱ्या टोकाला. फेब्रुवारी १९४५ मध्ये इवो जिमावर जपानी सैनिक सुरुंग हातात घेऊन रणगाड्यांवर धावून येत. अमेरिकन मरीनांनी शर्मनच्या बाजूंना लाकडी फळ्या ठोकल्या, कारण चुंबक लाकडाला चिकटत नाही. झाकणांवर खिळे उभे केले, जाळ्या बसवल्या. पोलादाला लाकडानं झाकून वाचवणं हे ऐकायला उलटं वाटतं. फोटोत मात्र त्या फळ्या अगदी समंजस दिसतात.

रंगाविषयी फार लिहिण्यासारखं शर्मनपाशी नाही. अमेरिकी सैन्याला रंगाची कल्पकता जर्मनांइतकी कधी जमली नाही. जर्मनांनी फेब्रुवारी १९४३ पासून गाड्या कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात पाठवल्या आणि क्रूला हिरव्या व तांबूस रंगाची खळ डब्यात दिली, पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून मारायची. त्यामुळे दर गाडीचं चित्र वेगळं, दर क्रूचा हात वेगळा. शर्मन मात्र बहुतेक हिरवाच. बास्तोनभोवतीच्या आर्देनमध्ये बर्फ पडल्यावर चुना कालवून त्यावर पांढरा हात दिला गेला, आणि तो पुढच्या काही दिवसांत ओरखडत, धुपत गेला. पांढऱ्या गाडीवर पांढरा तारा : त्या हिवाळ्यात ताऱ्याचा प्रश्न आपोआप सुटला.

बर्फाचा विषय निघालाच आहे तर बास्तोनजवळच्या एमरूल गावची गोष्ट सांगायलाच हवी. वेढ्यात अडकलेल्या १०१ व्या डिव्हिजनच्या एका बटालियनला बर्फात लपायला पांढरं काहीच नव्हतं. कमांडर जॉन हॅनलन यांनी गावकऱ्यांकडे चादरी मागितल्या. चर्चची घंटा वाजली, बायका घराघरांतून पलंगपोस घेऊन आल्या, दोनशेच्या आसपास जमले. सैनिकांनी ते फाडून अंगावर पांघरले. युद्धानंतर ते कर्ज हॅनलन यांच्या मनात राहिलं. मॅसॅच्युसेट्समधल्या त्यांच्या विंचेस्टर गावानं चादरी गोळा केल्या आणि १९४८ मध्ये ते त्या घेऊन एमरूलला परत गेले. चादरी वाटताना चर्चची घंटा पुन्हा वाजली म्हणतात. कॅमोफ्लाजच्या इतिहासात परत केलेलं कॅमोफ्लाज बहुधा हेच.

कोब्रा किंगचं पुढे काय झालं ते जरा विचित्र आहे. युद्धानंतर कित्येक वर्षं जर्मनीतल्या अमेरिकी लष्करी तळांवर एक जुना शर्मन शोभेसाठी उभा होता, शेवटी फिल्सेक इथल्या बराकींच्या दाराशी. नाव पुसलेलं, रंगाचे किती थर चढलेले. आतून तो जळालेला होता. हा तोच असावा अशी शंका एका जाणकाराला आली आणि जुने अनुक्रमांक तपासून लष्कराच्या इतिहासकारांनी ओळख पक्की केली. तारा, नाव, बढाई, यातलं काहीही ओळख पटवायला शिल्लक नव्हतं. कारखान्यानं पोलादात ठोकलेले आकडे तेवढे टिकले होते. २००९ मध्ये तो अमेरिकेला गेला, त्याचं बाहेरचं रूप १९४४ सारखं करण्यात आलं, आणि २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉर इथल्या राष्ट्रीय लष्कर संग्रहालयासाठी आणून ठेवला. २०२० पासून तो लोकांना पाहता येतो.

संग्रहालयातले नवे फोटो मी पाहिले आहेत आणि माझं मन त्याबद्दल थोडं खट्टू आहे. नाव नीट, तारा पांढराफेक, रंग एकसारखा. कारागिरांनी जुन्या छायाचित्रांशी ताडून सगळं बरोबर केलंय, त्यात दोष काढायला जागा नाही. पण मूळ अक्षरं कुणाच्या तरी बधिरलेल्या हातांनी काढलेली होती आणि नियमावलीत त्यांना जागा नव्हती. आता ती नियमानं राखली जातात, फिकी पडली की पुन्हा भरली जातील. ताऱ्यावर चिखल मात्र कुणी फासणार नाही, कारण तिथे नेम धरणारं कुणी उरलेलं नाही.